खाडा न पाडता गोळी: द्राक्षपट्ट्यातल्या एका गावाचं प्रकरण

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी आणि निफाड तालुक्यांच्या शिवेवरची चार-पाच गावं एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. त्यामुळे गावाला नाव नाही, आणि माणसंही ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत. योजना, नियम, हंगाम आणि भांडणं मात्र खरी. सामाजिक वैद्यकशास्त्र, नर्सिंग किंवा समाजकार्य शिकणाऱ्यांनी वर्गात यावर वाद घालावा, एवढ्यासाठी हे लिहिलं.

प्रश्न असा. गावात बीपी-शुगरची तपासणी झाली, नावं निघाली, कार्डं भरली, गोळ्या वाटल्या. पुढच्या महिन्यात कार्ड घेऊन परत येणारे मोजकेच निघाले. तपासणीच्या फ्लेक्सवर भागीदारांची काही कमी नव्हती: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत, बचत गट, झेडपीची शाळा, नाशिक शहरातला एक सेवाभावी क्लब, एका वैद्यकीय महाविद्यालयाचे इंटर्न. मग अडलं कुठं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. फ्लेक्सवरच्या सगळ्यांची तळमळ खरी होती, पण गावातल्या माणसांचा वेळ ज्यांच्या हातात असतो त्यांतलं त्यावर कोणीच नव्हतं.

गावठाण आणि शेड

पावसाळा सरला की या गावाची लोकसंख्या वाढते. सप्टेंबरअखेरीपासून द्राक्षाची गोडी छाटणी सुरू होते आणि तिच्या मागोमाग जिल्ह्यातल्याच पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी भागातून मजुरांच्या टोळ्या उतरतात. छाटणी, डोळ्यांना पेस्ट लावणं, फेलफुटी काढणं, डिपिंग, विरळणी, मग घडांना पेपर लावणं. काढणी होईपर्यंत काम संपत नाही. टोळ्या बागेतच पत्र्याच्या शेडमध्ये, नाहीतर प्लास्टिकच्या पालात राहतात. शिमग्याला घरी जायचं, हे ठरलेलं.

म्हणजे गाव एक आणि वस्त्या दोन. सरकारी हिशेबात मात्र एकच. सपाटीच्या भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हजार लोकांमागे एक आशा, अशी यंत्रणेची आखणी. या हजारात शेडमधला माणूस धरलेला नसतो. तो मोजला जातो सुरगाण्याला, जिथे तो वर्षातले पाच-सहा महिने नसतो.

बागायतदाराला शुगर होते यावर कुणाचं दुमत नाही. ब्लोअर आला, ट्रॅक्टर आला, बागेच्या टोकापर्यंत मोटरसायकल जाते. चालणं उरलंय ते लग्नाच्या वरातीत. पण ‘आदिवासी माणसाला कुठला आलाय बीपी, तो तर नागलीची भाकर खातो’ हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. नागली गावी राहिली. शेडमधली चूल पेटते रात्री, दिवसभराचं काम उरकल्यावर. रेशनचा तांदूळ, पातळ डाळ, तोंडाला चव यावी म्हणून मीठ-मिरची सढळ, सोबत सुकट नाहीतर खारा बोंबील. दिवसभर गालात तंबाखू. बऱ्याच बायकांची सकाळ मिशरीने होते, काहींची दुपारही. पुरुषांच्या संध्याकाळीबद्दल वेगळं सांगायला नको.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पुढाकाराने झालेल्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यांत देशातले मधुमेही १०.१ कोटी आणि प्रौढांमधलं उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के निघालं. मला त्यांतला तिसरा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो: मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांच्या प्रमाणात शहर आणि खेडं असा फरक उरलेला नाही. तंबाखूचं म्हणाल, तर २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, पण चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के होते. सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्राने मिशरीच्या डबीपर्यंत पोचता येत नाही.

१७ मेचं शिबिर

जागतिक उच्च रक्तदाब दिन १७ मेला असतो, म्हणून शिबिर १७ मेला. गावात लग्नसराई चालू. खरड छाटणी एप्रिलमध्ये उरकलेली, आणि बऱ्याच टोळ्या राबभाजणीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, घरी गेलेल्या. ज्यांच्यासाठी खास पत्रकं छापली होती ते सुरगाण्याच्या डोंगरात होते.

आले ते गावठाणातले. शाळेच्या वर्गात रांग लागली. उन्हातून चालत आलेला माणूस बाकावर बसतो ना बसतो तोच दंडाला पट्टा. बीपी मोजायचा तर माणसाने पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नको, आणि मोजणी एकदा सोडून दोनदा. इंटर्न मुलांना हे सगळं पाठ होतं. पण मागे रांग, आणि बारा वाजता क्लबच्या पाहुण्यांचं भाषण. कुणाचा बीपी खरोखरच वाढलेला, कुणाचा उन्हाने आणि कुणाचा गालातल्या तंबाखूने, हे त्या यादीवरून कळणं शक्य नव्हतं.

आशाताईंनी सीबॅक फॉर्म भरले. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी हा फॉर्म असतो: वय, कंबरेचा घेर, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं. एका फॉर्ममागे आशाला मोबदला १० रुपये. फॉर्म भरण्याचे पैसे लगेच दिसतात. त्याच माणसाच्या दारात पुढचे सहा महिने जाऊन ‘गोळी घेतली का’ विचारण्याचं काम कुणाला दिसत नाही. राज्यभरातल्या आशा २०२३-२४ मध्ये संपावर गेल्या, त्यामागच्या वैतागात याचाही वाटा असणार.

गोळी सोपी, भेट अवघड

देशात असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची भर पडली: केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारं यांची भागीदारी. महाराष्ट्रात सुरुवात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांपासून झाली. उपक्रमाचा सांगाडा साधा आहे. सगळ्यांना एकच ठरलेली उपचारपद्धती, औषधांचा न तुटणारा साठा, डॉक्टरवर सगळा भार न टाकता नर्स, सीएचओ (उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आशा मिळून काम, घराजवळ ३० दिवसांच्या गोळ्या, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. शेवटच्या भेटीत बीपी १४०/९० च्या खाली असेल आणि ती भेट गेल्या तीन महिन्यांतली असेल, तर रुग्ण ‘नियंत्रणात’. भेटच झाली नसेल तर तो ‘भेट चुकलेला’.

ही व्याख्या मला आवडते. शिबिराच्या आकड्याला ती भाव देत नाही. किती जणांना तपासलं याला इथे शून्य गुण. ते परत आले का, एवढंच विचारलं जातं. मे २०२३ मध्ये केंद्राने डिसेंबर २०२५ पर्यंत बीपी-शुगरच्या ७.५ कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणायचं लक्ष्य जाहीर केलं, तेव्हापासून तर खालपर्यंत प्रत्येकाला या नोंदी दाखवाव्या लागतात.

आता हीच व्याख्या शेडमधल्या एका बाईला लावून पाहू. वय पंचेचाळीसच्या आसपास, गाव सुरगाणा तालुक्यात. बीपी तिकडच्या उपकेंद्रात सापडला, कार्ड तिकडचंच. अॅम्लोडिपिन चालू केली. ऑक्टोबरात ती टोळीबरोबर इकडे आली, ३० गोळ्यांची पट्टी अर्धी संपलेली. आशाताई शेडमध्ये गेल्या तेव्हा डिपिंग चालू होतं. डिपिंगला दिवस धरून ठेवता येत नाही. घड त्या अवस्थेत असतो तेवढे दोन-चार दिवसच जीएच्या (जिबरेलिक अॅसिड या संजीवकाच्या) द्रावणात बुडवायचा. बाईच्या एका हातात मग, दुसरा हात वेलीवर, नखं हिरवी.

“मावशी, गोळी चालू हाय ना?”

“चक्कर आली का घेते.”

“रोज घ्यायची असते ती.”

“रोज घेतली त संपंल ना. मग कुठून आणू?”

उपकेंद्र तीन किलोमीटरवर. ओपीडीच्या वेळेला जायचं म्हणजे सकाळचं काम गेलं. टोळीचं काम एकरावर, उक्तं. एकजण गेला की बाकीच्यांवर ओझं, आणि हिशेबाच्या वहीत त्याच्या नावापुढे खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे कापले गेले, आणि मुकादमाची नाराजी वर. मोफत गोळीची किंमत तिला एक दिवसाची मजुरी पडत होती. ‘जनजागृती कमी पडते’ असं या बैठकांच्या इतिवृत्तात हमखास लिहिलेलं असतं. या बाईला काय जागं करायचं होतं? गोळी पट्टीत पंधरा दिवसांची उरलीय आणि हंगाम पाच महिन्यांचा आहे, हे गणित तिने आपल्या सगळ्यांच्या आधी मांडलं होतं.

मुकादमाची उचल

नोव्हेंबरात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी एक वेगळी बैठक बोलावली. ग्रामपंचायतीत न घेता दूध संकलन केंद्रावर, संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला, कारण त्या वेळी गावातला कर्ता पुरुष किंवा बाई कॅन घेऊन तिथे उभी असतेच. बोलावलं कुणाला, तर डेअरीचे सेक्रेटरी, चार बागायतदार, दोन मुकादम, आठवडे बाजाराची वसुली बघणारा ग्रामपंचायतीचा माणूस, उपकेंद्राच्या सीएचओ ताई आणि आशाताई. क्लबला निमंत्रण नव्हतं, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटलं.

मुकादम यायला तयार होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आला, आणि का आला ते त्याने सरळ सांगितलं. हंगामाच्या आधी तो टोळीतल्या घरांना उचल देतो. ती कामातून फेडायची. गेल्या हंगामात टोळीतल्या एकाला लकवा मारला; सिव्हिलला नेलं, जीव वाचला, पण माणूस कामातून गेला आणि उचल बुडाली. “डॉक्टर, मला बीपीचं काय कळत नाही. माणूस आडवा पडू नये, एवढं बघा.”

यावर नाकं मुरडणारे भेटतात. उचल ही माणसाला बांधून ठेवायची रीत आहे, आणि तिच्यावर बोलायला हवंच. पण त्या खोलीत गोळी रोज पोटात जावी यासाठी स्वतःच्या खिशाला झळ बसणारा माणूस एकच होता, आणि तो मुकादम होता. बागायतदारांचंही तसंच. डिपिंग-विरळणीच्या दिवसांत एकही हात कमी झालेला त्यांना परवडत नाही. त्यांची अट एकच: कामाच्या वेळेत कुणाला बोलावू नका.

मग वेळ कोणती उरते? ती आशाताईंनी सुचवली. आठवडे बाजाराचा दिवस. त्या दिवशी टोळ्यांना खर्ची मिळते, काम दुपारी सुटतं, आणि बाया-पुरुष सगळे पायी किंवा पिकअपमध्ये बाजाराला येतात. त्यांना कुणी बोलवावं लागत नाही. डेअरी बाजारतळाला लागून. टेबल, दोन खुर्च्या, एक बाकडं आणि इन्व्हर्टरचा दिवा डेअरीने द्यायचा, जागा ग्रामपंचायतीची, सीएचओ ताई बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर आणि गोळ्या घेऊन दुपारी चार ते आठ बसणार. बाकड्याचं महत्त्व फोटोत येत नाही. त्यावर पाच मिनिटं बसल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही, हा नियम सीएचओ ताईंनी शेवटपर्यंत मोडू दिला नाही. तंबाखू थुंकून आलेल्याला त्या भाजी घेऊन यायला सांगायच्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका कागदावर. सीएचओची कामाची वेळ ठरलेली, हजेरी त्या वेळेची. आठवड्यातून एक दिवस सकाळऐवजी संध्याकाळी काम केलं तर सकाळची गैरहजेरी लागणार. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं लेखी पत्र येईपर्यंत तीन बाजार गेले. गंमत अशी, की वेळेचं हे दुखणं सरकारला ठाऊक नाही असं नाही. २०२३ च्या महाराष्ट्र दिनी राज्यभर सुरू झालेल्या आपला दवाखान्यांची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशीच ठेवली गेली, ती कामावरून सुटणाऱ्या माणसासाठी. खेड्यातल्या मजुराचं काम चार वाजता सुटतं असं कुणी धरलं, कोण जाणे.

टोळीची वही

नोंदीचा घोळ याहून मोठा. रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर माणूस शोधायचा तो नावाने, मोबाइल नंबराने किंवा आभा या आरोग्य-ओळख क्रमांकाने. शेडमधल्या दहा जणांच्या नावापुढे एकच मोबाइल, तोही मुकादमाचा. पुढच्या हंगामात मुकादम बदलला की नंबरही गेला. एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या तीन बाया एका शेडमध्ये. सीएचओ ताईंनी शेवटी शंभर पानी वही घातली आणि तिची मांडणी टोळीवार केली. पानावर वर मुकादमाचं नाव, कुणाच्या बागेत, मूळ गाव आणि तिथलं उपकेंद्र, खाली माणसं. पोर्टलवर नोंद होतेच, पण शोधाशोध या वहीत. टोळी एका बागेतून दुसऱ्या बागेत गेली की पान तेच राहतं, फक्त बागायतदाराचं नाव खोडून नवं लिहायचं.

या वहीमुळे दुसरी एक गोष्ट उघडी पडली. शेडमधला रुग्ण सुरगाण्याच्या यादीत ‘भेट चुकलेला’ असतो आणि इथल्या यादीत नसतोच. तिकडच्या सीएचओला त्याच्यामुळे बोलणी बसतात. इकडे नव्याने नोंदवला तर एकच बाई दोन तालुक्यांत दिसते, आणि औषधनिर्माता म्हणतो, “माझी मागणी माझ्या नोंदणीवर मंजूर होते, बाहेरच्यांना वाटल्या तर मार्चमध्ये गावातल्यांना काय देऊ?” त्याचं चुकत नव्हतं. एका केंद्राचा साठा दुसऱ्याच्या रुग्णाला देणं कागदावर कुठेच बसत नाही, मग दोन्ही केंद्रं एकाच जिल्हा परिषदेची असली तरी. तोडगा निघाला तो जुजबी: महिन्याच्या शेवटी वहीच्या पानांचे फोटो तिकडच्या सीएचओला जातात, ते भेट झाल्याची नोंद घेतात, आणि तालुका पातळीवरून काही पट्ट्या इकडे वळवल्या जातात. शिमग्याच्या आधी जाणाऱ्यांना हातात ६० दिवसांच्या गोळ्या. करोनाच्या काळात तीन-तीन महिन्यांची औषधं एकदम द्यायला केंद्रानेच मुभा दिली होती, त्यामुळे डॉक्टरांना हे करताना फार धाकधूक वाटली नाही.

राज्याच्या पातळीवर ही फट किती मोठी असेल याचा विचार करा. ऊसतोडीला मराठवाड्यातून निघणाऱ्या टोळ्या, वीटभट्ट्या, बांधकामं. जिथून माणूस निघाला तिथे तो चुकलेला, जिथे पोचला तिथे नसलेला.

डेअरीची पावती आणि बचत गटाचे पापड

गावठाणातल्या बागायतदारांसाठी डेअरी फार कामाची ठरली. दुधाचं पेमेंट दर दहा दिवसांनी होतं, आणि पावती सगळे वाचतात. सेक्रेटरींचा आधीचा बेत असा, की ज्यांना बीपी-शुगर आहे त्यांच्या पावतीवर ‘गोळी नेली का’ असं छापून द्यायचं. एका सुनेने भर बैठकीत विचारलं, “म्हणजे माझ्या सासूबाईंची शुगर कॅन मोजणाऱ्या पोराला कळणार?” आरोग्य केंद्राची यादी डेअरीला द्यायची नाही हे तिथेच ठरलं. आता सगळ्यांच्याच पावतीवर एक ओळ येते: बाजाराच्या दिवशी चार ते आठ, बीपी-शुगर तपासणी व गोळ्या. कुणाची कुणाला कळत नाही.

अशा भागीदारीचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण म्हणजे फिनलंडमधला उत्तर करेलिया. १९७२ साली पेक्का पुस्का यांच्या पुढाकाराने तिथे काम सुरू झालं, तेव्हा तो भाग हृदयविकाराने कर्त्या पुरुषांचे बळी जाण्यासाठी कुप्रसिद्ध होता. गृहिणींच्या मार्था संघटनेने घरोघरच्या स्वयंपाकातलं लोणी-मीठ कमी करायला घेतलं, दूधवाल्यांनी विरोध केला, आणि पुढे काही दूधउत्पादकांना बेरीच्या शेतीकडे वळायला मदत झाली. चार दशकांत कर्त्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. तिथे डेअरी विरोधात उभी होती, इथे तिने बाकडं दिलं. पण दोन्हीकडे काम पुढे सरकलं ते लोकांच्या पोटापाण्याशी सरळ बोलल्यावर. आपल्याकडे गडचिरोलीत २०१६ पासून चालू असलेल्या मुक्तिपथनेही, सर्च ही संस्था, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार यांच्या भागीदारीत, दारू-तंबाखूसाठी गावोगावच्या संघटना धरल्या. नुसती व्याख्यानं दिली नाहीत.

पोटापाण्याची ही गाठ बचत गटात सर्वांत घट्ट बसली. गावातल्या गटांचा मुख्य धंदा पापड, कुरडया, लोणचं. आणि इंटर्न मुली त्यांनाच मीठ कमी करा म्हणून सांगत होत्या. एक अध्यक्षाबाई म्हणाल्या, “पापडात मीठ कमी घातलं तर गिऱ्हाईक तुम्ही आणणार का?” वाद मिटला नाही, बाजूला ठेवला. पण त्यांतून एक हिशेब निघाला जो बायकांनी पटकन उचलला. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. पाच माणसांचं घर, दिवसाला २५ ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा ४० दिवस पुरायला हवा. पापड-लोणच्यातलं मीठ यात धरलेलंच नाही. पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख टाकायची. बऱ्याच घरांत तो महिनाभरही पुरत नव्हता. ‘५ ग्रॅम’ ऐकून कुणी हललं नव्हतं. पुड्यावरची तारीख पाहून जावा-जावांत चर्चा झाली.

मिशरी सोडण्याचं काम गटांनी स्वतःहून घेतलं, कारण कोण लावतं हे त्यांना नावानिशी माहीत. सोडायचं म्हणजे दाढ दुखते, पोट साफ होत नाही, डोकं धरतं. हे पहिल्या दहा दिवसांत होणार असं ज्या बाईने स्वतः सोडली तिने सांगितलं की पटतं. काहींनी सोडली, काहींनी पुन्हा धरली.

जाता जाता एक. सणासुदीला रेशनवर ‘आनंदाचा शिधा’ मिळायचा, २०२२ च्या दिवाळीपासून: शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर किलो-किलो आणि लिटरभर पामतेल. गरिबाघरी सण गोड व्हावा, यात वावगं काही नाही. पण साखर-तेल कमी करा म्हणणारी आशाताई आणि साखर-तेलाची पिशवी देणारा रेशन दुकानदार एकाच गल्लीत एकाच आठवड्यात उभे असले, की लोक कुणाचं ऐकतात हे सांगायला नको. आरोग्याची भागीदारी पुरवठा खात्याच्या दारातून आत जात नाही, अजून तरी.

जे जमलं नाही

शुगरचं काम बीपीइतकं बसलं नाही. संध्याकाळी उपाशीपोटीची तपासणी शक्य नाही. बोटातून घेतलेल्या रक्तात १४० च्या वर निघालं की पुढे पाठवायचं, आणि पुढे म्हणजे पुन्हा सकाळची ओपीडी, पुन्हा खाडा. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्यायची, आणि शेडमध्ये धड जेवण एकदाच. डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणाला ती बांधली. पायाच्या जखमा बघायचं काम राहूनच गेलं आहे. डिपिंगनंतर ओल्या मातीत अनवाणी फिरणाऱ्या मधुमेही माणसासाठी ते फार उशिरा करून चालणार नाही.

मेडिकलवाला शेवटपर्यंत बाहेर राहिला. त्याच्याकडून लोक चार-चार सुट्या गोळ्या नेत, आणि कोण अर्धवट घेतंय हे गावात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण मोफत गोळ्यांच्या टेबलाला मदत करून त्याचं काय भलं होणार, याचं उत्तर बैठकीत कुणाकडे नव्हतं. गावातल्या खाजगी डॉक्टरांचं थोडंफार तसंच. सलाईन लावलं की ‘बीपी उतरतो’ असं सांगणारे रुग्ण अजून येतात.

जमलं काय, तर शेडमधल्या कार्डांवर दुसरी, तिसरी, चौथी नोंद दिसू लागली. सुरगाण्याच्या त्या बाईच्या कार्डावर डिसेंबरपासून शिमग्यापर्यंत खंड नाही. एका बाजारी ती आली नाही, तेव्हा मुकादमच तिचं कार्ड घेऊन आला, आणि सीएचओ ताईंनी त्याला गोळ्या न देता परत पाठवलं, बाईला घेऊन ये म्हणून. तो बडबडत गेला आणि तासाभराने पिकअपमध्ये तिला घेऊन आला. त्या फेरीत त्याचाही बीपी मोजला गेला. वहीत आता त्याच्या टोळीच्या पानावर शेवटचं नाव त्याचंच आहे.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र ३१ मार्चपर्यंतचं होतं. नव्या हंगामासाठी ते पुन्हा लागेल, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला तर काम सोपं जाईल असं सगळ्यांचं मत आहे. मसुद्यावर मात्र गाव दोन गटांत आहे. ‘हंगामी मजुरांसह गावातील सर्व रहिवासी’ असं लिहावं, असं बागायतदार आणि आशाताई म्हणतात. दुसऱ्या गटाला ‘रहिवासी’ हा शब्द नको. आज गोळी मागतील, उद्या नळजोडणी मागतील, असं त्यांचं म्हणणं. सरपंचांनी मसुदा सध्या स्वतःजवळ ठेवला आहे.